माथ्यावरचं ऊन

सस्काटूनमधल्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी जा, दिवाणखान्यात नाहीतर जिन्याच्या भिंतीवर एक तरी चित्र समुद्राचं असतं. कुणाकडे मालवण, कुणाकडे कोळवा, कुणाकडे नुसतंच 'कोकण'. आणि दहापैकी नऊ वेळा त्या चित्रात सूर्य मावळत असतो. माड काळे, पाणी केशरी, एक होडी आणि होडीत पाठमोरा माणूस. कॅलेंडरवाल्यांचं हेच, स्क्रीनसेव्हरवाल्यांचं हेच, आणि आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात रंगमंचामागे जो पडदा लागतो त्याचंही हेच. (पडदा लावणाऱ्यांत मी असतो, म्हणून नावं ठेवण्याचा हक्क मला आहे.)

मावळतीचं चित्र लोकप्रिय का, हे समजायला अवघड नाही. तिरपा उजेड चित्रकाराचं निम्मं काम स्वतःच करून ठेवतो. वस्तूची एक बाजू उजळ, दुसरी काळोखी, जमिनीवर लांब सावल्या, जवळचं गडद आणि दूरचं धूसर. पण ज्यानं मे महिन्याची सुट्टी कोकणात किंवा गोव्यात काढली आहे त्याच्या आठवणीतला उजेड हा नसतो. तो असतो सकाळी नऊ-साडेनवाला येऊन चारपर्यंत हटून बसणारा, पांढरा, थेट डोक्यावरचा. अंगणाकडे बघवत नाही, विहिरीच्या रहाटाला हात लावता येत नाही, आणि जेवून उठलेली माणसं ओसरीवर आडवी झालेली असतात. दिवसाचे सहा तास तो उजेड असतो, आणि मावळती असते फार तर अर्धा तास. मग त्या सहा तासांचं चित्र कोणी काढलं?

माझं उत्तर आहे, लक्ष्मण पै यांनी. पैंचं नाव आपल्या पिढीतल्या अनेकांनी ऐकलेलं असतं, पण पुढं काही बोलायचं म्हटलं की "ते गोव्याचे ना, जरा सजावटी काढायचे" यावर गाडी थांबते. हा 'सजावटी' शब्द मला बरीच वर्षं खटकतो आहे, आणि या लेखात मला त्याच्याशीच भांडायचं आहे. मी कलासमीक्षक नाही. संगणकाच्या धंद्यातला माणूस, मास्टर्स करायला परदेशी आलो तो इकडचाच झालो. पैंची मूळ चित्रं मी मोजकीच पाहिली आहेत. बाकीची पुस्तकांतून, लिलावगृहांच्या कॅटलॉगांतून आणि स्क्रीनवरून. तेवढ्या भांडवलावर जे दिसलं ते लिहितो.

आधी माणसाची ओळख. पै मडगावचे, जन्म 1926 चा. लहानपणी मामांच्या फोटो स्टुडिओत कृष्णधवल फोटोंना हातानं रंग द्यायचं काम त्यांनी केलं. पुढं गोव्याच्या मुक्तिलढ्यात सत्याग्रह केला म्हणून पोर्तुगीजांच्या पोलिसांनी पकडलं. 1943 ते 1947 मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, शेवटी मेयो पदक, मग तिथंच काही वर्षं शिकवणं. 1951 साली ते पॅरिसला गेले आणि दहा वर्षं राहिले. परतल्यावर ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार तीनदा मिळाला. 1977 ते 1987 गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 1985 साली पद्मश्री, 2018 साली पद्मभूषण, आणि 14 मार्च 2021 रोजी दोना पावलाच्या राहत्या घरी निधन. सतार वाजवत, गात. एवढ्या ओळींत माणूस मावत नाही, पण यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्याला पुढं लागणार आहेत.

त्यांच्या ऐन उमेदीच्या काळातलं, म्हणजे पॅरिसच्या वर्षांतलं, एखादं गोव्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. माणसं बहुधा एका बाजूनं दिसतात, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा, बदामी आणि मोठा. अंगाला गोलाई नाही. रंग सपाट लावलेला, आणि त्याभोवती किंवा त्याच्यातून खरवडल्यासारखी रेघ गेलेली. झाड, टेकडी, बाईचा खांदा यांची वळणं एकाच हातची. मागचं आणि पुढचं यांत फारसा फरक नाही. सगळं जणू एकाच भिंतीवर. आणि एक गोष्ट, जी पहिल्यांदा लक्षात येत नाही आणि एकदा आली की मग तीच दिसत राहते: सावल्या नाहीत. माडाखाली सावली नाही, माणसाच्या पायाशी नाही, नाकाच्या बाजूला नाही.

जाणकार लगेच कारणं सांगतात. ही भारतीय लघुचित्रांची परंपरा, बसोलीच्या किंवा राजस्थानी चित्रांतही सावली नसतेच. इजिप्तची भित्तिचित्रं. पॉल क्ले. हे सगळं खरं आहे आणि पैंच्या चित्रांत ते दिसतंही. पण कुणी कुठून काय उचललं याची यादी केली की चित्र समजलं असं होत नाही. जगभरच्या चित्रकलेतून निवडायला मोकळीक असताना या माणसानं नेमकं बिनसावलीचंच का निवडलं, हा प्रश्न उरतोच.

इथं मी माझ्या धंद्याला शोभेल असा उद्योग केला, गणित मांडलं. मडगाव विषुववृत्तापासून सव्वापंधरा अंशांवर, सस्काटून बावन्न अंशांवर. सस्काटूनला 21 डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेचौदा अंश वर येतो. (इथली मध्यान्ह घड्याळात एकच्या सुमाराला होते, हा सस्कॅचवानच्या वेळेचा आणखी एक चमत्कार.) सहा फुटी माणसाची सावली त्या वेळी तेवीस फूट पडते. म्हणजे इथं भर दुपारी सुद्धा संध्याकाळच असते. मडगावला त्याच दिवशी त्याच माणसाची सावली पाच फुटांहून कमी, आणि वर्षातून दोनदा, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या मध्याआधी, सूर्य बरोबर माथ्यावर येतो. तेव्हा सावली पायाखाली जाते आणि दिसेनाशी होते. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत मध्यान्हीची सावली कधीच दोन फुटांच्या फार पुढं जात नाही.

आता अशा उजेडात वस्तू कशा दिसतात? सूर्य डोक्यावर असला की उभ्या वस्तूची डावी-उजवी बाजू सारखीच उजळते. भिंतीला काळोखी बाजू राहत नाही. खालची जांभ्याची लाल जमीन किंवा पाणी भरलेलं शेत उजेड परत वर फेकतं, त्यामुळं हनुवटीखाली, छपराच्या वळचणीखाली जी थोडी सावली असते तीही भरून निघते. (आपल्याकडे फेब्रुवारीत बर्फ हेच करतो; बाहेर काढलेल्या फोटोत चेहरे खालून उजळलेले दिसतात ते यामुळं.) गोलाई कळायला सावली लागते. सावली गेली की गोलाई गेली, आणि उरतो रंगाचा सपाट तुकडा आणि त्याची कड. त्यात समुद्राकाठची दमट हवा दूरच्या टेकडीचा तपशील पुसून टाकते, तीही एक सपाट पट्टी होते. थोडक्यात, पैंच्या कॅनव्हासवर जे आहे ते. ज्याला आपण 'सजावटी' म्हणून हसतो ते मडगावच्या दुपारी दीड वाजताचं बऱ्यापैकी प्रामाणिक वर्णन आहे, असं माझं म्हणणं.

जे. जे. मध्ये त्या काळी जे शिकवलं जाई त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडीचे एस. एल. हळदणकर हे पैंच्या आधीच्या पिढीतले मोठे चित्रकार. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे: हातातल्या दिव्याच्या ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरलेली तरुणी, बोटांतून झिरपणारा उजेड, भिंतीवर तिची सावली. असं चित्र काढायला काय हात लागतो हे जलरंगात दोन फटकारे मारून पाहिलेल्या कुणालाही कळेल. पण लक्षात घ्या, या शैलीला आपलं सामर्थ्य दाखवायला दिवा लागतो, खिडकी लागते, सकाळ-संध्याकाळ लागते. छायाप्रकाशाची ती सगळी विद्या युरोपातल्या कलत्या सूर्याखाली तयार झाली. कोकणच्या दुपारपुढं तिचं काही चालत नाही. म्हणून त्या परंपरेतले आपले निसर्गचित्रकार पहाटे बाहेर पडत आणि ऊन चढलं की पेटी मिटून घरी येत. पै यांनी ती विद्या शिकून, पदक मिळवून बाजूला ठेवली. मला तर फोटो स्टुडिओतला तो पोरगा आठवतो. कृष्णधवल फोटोत छाया-प्रकाश आधीच असतो. रंगवणाऱ्यानं त्यावर नुसता सपाट रंग चढवायचा. छाया हे यंत्राचं काम आणि रंग हे हाताचं, अशी वाटणी त्या वयात डोक्यात बसली असेल तर नवल नाही. हा माझा तर्क, पुरावा नाही.

पॅरिसला त्यांनी दोन गोष्टी मन लावून शिकल्या: भित्तिचित्र आणि एचिंग. भित्तिचित्रात ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा असतो आणि गिलावा सुकायच्या आत तेवढा तुकडा संपवायचा असतो. तेलरंगासारखं घोळवत बसायला, एका छटेतून दुसरीत अलगद उतरायला वेळ मिळत नाही. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावरच्या मेणाच्या थरातून सुईनं रेघ खरवडायची. एक विद्या सपाट रंगाची, दुसरी खरवडलेल्या रेघेची. पैंची शैली पाहताना या दोन्ही आठवाव्यात. कित्येक तैलचित्रांतही त्यांचा रंग गिलाव्यासारखा कोरडा आणि रेघ सुईची वाटते.

आता एक अडचण आहे, ती लपवत नाही. बिनसावलीचा सपाट रंग उष्ण कटिबंधाच्या उन्हातूनच येतो असं म्हटलं, तर पॉल गोगॅं आडवा येतो. उजेडाच्या शोधात बेटांवर गेलेला चित्रकार म्हटलं की जग त्याचंच नाव घेतं. 1891 साली तो ताहितीला गेला आणि 1903 साली मार्केसस बेटांवर वारला. ताहिती साडेसतरा अंश दक्षिणेला, म्हणजे ऊन जवळजवळ गोव्याचंच. पण त्यानं सपाट रंग आणि ठळक कडा 1888 सालीच, फ्रान्सच्या ढगाळ ब्रिटनीत, वापरायला सुरुवात केली होती. म्हणजे शैली घेऊन तो बेटावर गेला. बेटानं ती दिली नाही. ताहितीला त्याला त्या शैलीला शोभेल असा विषय मिळाला, आणि तो विषय त्यानं बराचसा स्वतःच्या मनातूनच उभा केला, कारण त्याला हवा होता तो अस्पर्श स्वर्ग तिथं फ्रेंच अंमलात उरलाच नव्हता. त्यानं रंगवलेल्या त्या कोवळ्या मुलींकडे आता आपण पूर्वीसारखं निर्धास्तपणे पाहू शकत नाही, तेही खरं.

पैंचा प्रवास याच्या बरोबर उलटा. गोगॅं पॅरिसहून बेटावर गेला. पै उन्हातून पॅरिसला गेले आणि तिथल्या करड्या हिवाळ्यांत बसून ऊन रंगवत राहिले. त्या दहा वर्षांत गोवा त्यांच्यापासून केवळ समुद्रांमुळं लांब नव्हता. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, 1955 पासून भारताच्या बाजूनं सीमा बंद झाली होती, आणि पै स्वतः त्या राजवटीच्या पोलिसांच्या हाती लागून आलेले. 1961 साली ते भारतात परतले आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. आपण तिकिटांचे भाव पाहून हळहळतो, त्यापेक्षा ही दूरता वेगळ्या जातीची होती. तरीही चित्रांत रडगाणं नाही. लाल तोंडं करून बसलेला दुःखी गोवा नाही, की मावळतीचा हळवा गोवा नाही. होड्या, मासळी, ढोल, डोक्यावर भांडी घेतलेल्या बाया, सगळं उघड्या उजेडात.

याच काळात लंडनला दुसरे गोंयकार बसले होते, साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा. ते पैंहून दोन वर्षांनी मोठे. त्यांच्याही चित्रांत सपाटपणा आणि जाड रेघ आहे, पण ती रेघ काळी, भोसकणारी. चर्च, सुळावरचा ख्रिस्त, पापाची भीती. सूझांचा गोवा हा घराच्या आतला, देव्हाऱ्याच्या काळोखातला आणि पैंचा अंगणातला असं मला वाटतं. जगानं सूझांना मोठं म्हटलं. दुःखाला आणि रागाला कलेत जरा जास्तच मार्क मिळतात, ही माझी जुनी तक्रार आहे. आणि बाजाराचं विचाराल तर मूळचे गोव्याचेच, पैंनंतर एका वर्षानं जे. जे. मधून बाहेर पडलेले वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र 2025 साली 67 कोटी रुपयांवर गेलं. पैंची किंमत त्याच्या आसपासही नाही. गायतोंडे थोरच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या चित्रात माणसं हसतात आणि ढोल वाजतो ते चित्र उथळ, हा समज खरेदीदारांचाही असतो, समीक्षकांचाही.

वाचकहो, हे सगळं सस्काटूनमध्ये बसून लिहायला मला एका बाईंमुळं सुचलं. डोरोथी नोल्स. जन्म 1927 चा, सस्कॅचवानमधल्या युनिटी गावचा. 2023 साली त्या गेल्या. म्हणजे पैंच्या अगदी बरोबरीच्या, दोघांनाही पंच्याण्णवच्या आसपास आयुष्य लाभलं. शिक्षण जीवशास्त्राचं, मग उन्हाळ्यात एमा लेकला चित्रकलेचा वर्ग, आणि त्यानंतर जन्मभर हीच सपाट जमीन. 1962 साली अमेरिकेतले बडे समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग एमा लेकच्या कार्यशाळेला आले होते. ते अमूर्त चित्रकलेचे कट्टर पुरस्कर्ते, आणि त्यांनीच नोल्सबाईंना सांगितलं की तुम्ही निसर्गच रंगवा. बाईंचे यजमान विल्यम पेरेहुडॉफ अमूर्तवाले. एका घरात दोन वाटा सुखानं नांदल्या. बाई व्हॅन घेऊन बाहेर पडत, कोळशानं रेखाटन करत आणि त्यावर पाण्यासारखा पातळ रंग सोडत. 2006 साली कॅनडा पोस्टानं त्यांच्या चित्रांची तिकिटं काढली, त्यांतलं एक आपल्या ओळखीच्या पिवळ्याधमक शेताचं. त्यांची चित्रं पूर्वी मेंडेल आर्ट गॅलरीत पाहायला मिळत. ती 2015 साली बंद झाली आणि तिचा संग्रह नदीकाठच्या रेमाई मॉडर्नकडे आला.

नोल्सबाईंच्या चित्रात उजेड नेहमी लांबून, आडवा येतो. गवताच्या प्रत्येक झुबक्याला एक उजळ बाजू आणि एक निळसर बाजू. क्षितिज खाली, आभाळ मोठं, आणि नजर आत आत जात राहते. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'जिवंत आभाळांचा प्रदेश' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मला त्यांच्या चित्रांनी सांगितला, नऊ हिवाळे खिडकीतून बघूनही कळला नव्हता. त्यानंतर पैंची चित्रं पुन्हा पाहिली तेव्हा एकदम जाणवलं की यांत नजर आत जातच नाही, ती पृष्ठावर अडते, आणि तेच बरोबर आहे. गोव्यात झाडी, कुळागरं, टेकड्या, खाडीचे बांध यांतून क्षितिज मोकळं कुठं दिसतं? समुद्रावर दिसतं, तर तिथं भर दुपारी पाण्याकडे पाहवत नाही. डोळे बारीक करून पाहिलं की जे दिसतं ते रंगांचे तुकडे आणि कडा. नोल्स जर प्रामाणिक वास्तवदर्शी असतील, तर पै सजावटी कसे? दोघांनी आपापल्या अक्षांशाचं ऊन रंगवलं.

आपल्या संगीताला ही दुपार पूर्वीपासून ठाऊक आहे. वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, गौड सारंग, सगळं सारंगांचं घराणं मध्यान्हीचं. पैंनी 1960 च्या दशकात रागांवर एक चित्रमालिकाच केली. ते स्वतः सतार वाजवणारे, त्यामुळं ही मालिका पुस्तकी नाही. रेघा एकमेकींना समांतर जात राहतात, पाण्यात खडा टाकल्यावर कडी उठावीत तशा, मध्येच एखादा चेहरा किंवा पान त्यातून वर येतं. एकच वळण थोडंथोडं बदलत पुन्हा येतं, आलापीसारखं. मला ही चित्रं आवडतात, पण खरं सांगायचं तर सगळी नाही. काही ठिकाणी रागाचं नाव आणि चित्र यांचा सांधा कळत नाही; नावं बदलली तर बिघडणार नाही असं वाटतं.

आणि नंतरच्या काळातली बरीच चित्रं मला कमी भिडतात, हेही सांगायला हवं. तिथं रेघ फार गुळगुळीत झाली. पूर्वी ती खरवडावी लागे, आता ती आपोआप वळते. चेहरे त्याच गोड हास्याचे, फुलं त्याच ठरावीक जागी, स्त्री म्हणजे निसर्ग आणि निसर्ग म्हणजे स्त्री ही कल्पनाही वारंवार येऊन झिजलेली. त्या चित्रांना कुणी सजावटी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. सावल्या त्यांतही नाहीत, पण उन्हाचा ताप निघून गेला आहे, रंग तेवढा राहिला. दुसरी एक उणीव मला त्यांच्या चांगल्या चित्रांतही जाणवते. मी पाहिलेल्या चित्रांत रांपण ओढणारे आहेत, पण ओढण्याचा जोर नाही. शेतातल्या बाया आहेत, पण कंबर वाकून धरलेली नाही. ऊन दिसतं, लागत नाही. ओसरीवर आडवं होऊन पाहिलेली ही दुपार आहे, बांधावरून पाहिलेली नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांची आठवण ओसरीवरचीच असल्यामुळं हे आपल्या चटकन लक्षात येत नसावं.

पण 'सजावटी' हा शिक्का त्या उत्तरार्धावरून पूर्ण आयुष्यावर मारला गेला, हा अन्याय आहे. पॅरिसच्या वर्षांतलं आणि परतल्यानंतरच्या पहिल्या दशकातलं काम वेगळं काढून पाहावं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे पैंची चित्रं आहेत. दिल्लीमार्गे घरी जाणाऱ्यांनी विमान बदलताना एक दिवस काढला तर काही बिघडत नाही. तेवढे दिवस आपण बॅगा शोधण्यात घालवतोच. जाण्याआधी सध्या भिंतीवर काय लावलं आहे याची चौकशी मात्र करावी.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी. पोर्तुगीज ज्याला 'इल्हास', म्हणजे 'बेटं', म्हणत तो भाग म्हणजे आजचा तिसवाडी तालुका आणि दिवाडी, चोडण वगैरे शेजारची बेटं. पणजी, जुनं गोवं, दोना पावला सगळं तिसवाडीतच. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, आणि पश्चिमेला समुद्र. नकाशा काढून बसलात तर चारी बाजूंनी पाणी दिसेल. पुलांवरून जाता-येता हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मडगावचा, म्हणजे पाण्यापलीकडचा हा चित्रकार पॅरिस फिरून शेवटी या बेटावर येऊन राहिला, प्राचार्य म्हणून पणजीच्या आल्तिन्होवर पोरांना शिकवलं आणि नव्वदी उलटल्यावरही हातात कुंचला धरून होता.

दोना पावलाला पर्यटकांच्या गाड्या संध्याकाळी पाच नंतर लागतात, सूर्यास्तासाठी. पुढच्या खेपेला मेच्या पहिल्या आठवड्यात तिथं असलात तर घड्याळात साडेबारा वाजता बाहेर पडा, टोपी विसरू नका, आणि जमिनीत एक काठी सरळ उभी रोवून पाहा.